मनुबाई अमावास्येला समुद्र बघायला गेली

बेळगावलगतच्या शहापुरात त्या काळी बाईमाणसाला गाव सोडायला चार कारणं होती: लग्न, बाळंतपण, मयत आणि देव. मनुबाईनं पाचवं काढलं आणि सगळ्या विणकर गल्लीची झोप उडवली.

"गोव्याला समुद्र बघाय चाललोय," ती म्हणाली.

"कंच्या देवाचं ठिकाण गं आक्का ते?" मालुबाईनं विचारलं. मालुबाई म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. गल्लीत सुई पडली तरी तिला आधी कळायचं, आणि तिला कळलं की शेजारच्या वडगावला कळायचं.

"देव न्हाय गं. नुसतं पाणी."

"पाणी बघाय गोव्याला? आपल्या हिरीत काय ताक हाय व्हय?"

"हिरीला पल्याड दिसतंय. समुद्राला न्हाय म्हणत्यात."

आता यावर माणसानं काय बोलावं? मालुबाई सांगायला निघून गेली. दिवे लागेपर्यंत गल्लीत तीन बातम्या तयार. एक, मनुबाई किरिस्ताव व्हायला चालली. दोन, तिकडं तिचं कुणीतरी आहे. पन्नाशीच्या बाईचं कोण असणार, हे विचारायची कुणाला फुरसत नव्हती. तीन, तिचा मेलेला नवरा भरमा यानं गोव्यात सोनं पुरून ठेवलंय. ही तिसरी तिच्या दिरानं, भावकूनं, दोन दिवस खरी मानली. मग त्याला आठवलं की भरमा उभ्या जन्मात खानापूरच्या पलीकडं गेलाच नव्हता.

खरं कारण फारच साधं होतं, म्हणून कुणाला पटत नव्हतं. सुताच्या गठ्ठ्यावर गिरणीचं रंगीत चित्र चिकटवलेलं असे. कशावर हत्ती, कशावर मोर, कशावर गुबगुबीत बाई. एका गठ्ठ्यावर निळ्या पाण्यातली आगबोट आली. भरमानं ते चित्र ओलं करून अलगद सोडवलं आणि मागासमोरच्या भिंतीला लावलं. "एकदा बघून येऊ," म्हणाला. मग तो हिवतापानं गेला आणि चित्र राहिलं. तेव्हापासून मनुबाई मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली, की समोर ती बोट.

मागावर बाई बसणं हीच मुळात नवलाई. बायकांनी सुताच्या कांड्या भराव्यात, तुटलेली तार सांधावी, खळ शिजवावी. उभ्या सुतातनं आडवा धोटा फेकायचा तो पुरुषानं. पण भरमाचा तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी गल्लीनं ऐकलं, माग वाजतोय. भावकू पळत आला. त्यानं मनात तो माग आपल्या लेकाला, यमनाप्पाला, देऊन टाकला होता; बोलायचं तेवढं राहिलं होतं. बघतो तर वैनी खड्ड्यात, नऊवारीचा काचा मारलेला, पाय पावड्यांवर. पंच बसले, पान खाल्लं, सुपारी कातरली आणि म्हणाले, चालवतीय तोवर चालवू दे. बारा वर्षं ती चालवत होती. उंचीनं ठेंगणी, अंगानं रुंद, आणि पावड्या दाबून दाबून पोटऱ्या अशा झालेल्या, की चिडवायला जाणारी पोरं आधी तिकडं बघायची आणि मग बेत बदलायची.

भावकूनं तिला जायला आडकाठी केली नाही. तिथंच ओळखायला हवं होतं.

"जा की वैनी, खुशाल जावा," तो चुन्याचं बोट दाताला लावत म्हणाला. "तुमचं मन मोडणारा मी कोण? फकस्त पाडव्याचा धोटा ध्यानात हाय न्हवं?"

हा पाडव्याचा धोटा समजला पाहिजे. विणकराची सुट्टी एकच, अमावास्या. त्या दिवशी गल्लीतले सगळे माग गप्प. खड्डा सारवायचा, मागाला हळदकुंकू वाहायचं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे दर महिन्याच्या पाडव्याला, ऊन कौलांवर यायच्या आत मालकानं स्वतः पहिला धोटा फेकायचा. ज्याच्या हातचा धोटा, त्याचा माग. मालक चुकला आणि घरातल्या दुसऱ्यानं फेकला, तर माग त्याच्याकडं गेला. पंचांपुढं जायचं कामच नाही. म्हणून तर एका पाडव्याला तापानं फणफणलेल्या मष्णू विणकराला चौघांनी घोंगड्यात घालून मागावर नेऊन बसवला होता. बघणाऱ्या एका म्हातारीनं गळाच काढला. तिला वाटलं, निघाली मिरवणूक मसणात.

"ध्यानात हाय," मनुबाई म्हणाली. "मी घालतोय धोटा. तुमी नगा काळजी करू, भावजी."

"मी कशाला करू? यमनाप्पा हाय की घरात."

हे हसत हसत बोलणं झालं. पण दोघांनाही कळलं, की आता समुद्रापायी माग टांगणीला लागला.

आता बेत बघा. पौष महिना, त्यात अमावास्या, त्यात विधवा निघालेली. अपशकुनाला आणखी काय लागतं? म्हणून सोबत यायला कुणी तयार होईना. शेवटी मालुबाई तयार झाली. तिला समुद्राचं काही नव्हतं. पण मनुबाई तिकडं काय करते हे दुसऱ्या कुणाकडून ऐकावं लागलं असतं, तर ती जगली नसती.

चतुर्दशीला दिवसभर मनुबाईनं माग हाणला. संध्याकाळी भाकरी, झुणका, लसणीची चटणी आणि अंग पुसायला धडपे असं गाठोडं बांधलं, आणि दोघी रूळ ओलांडून स्टेशनात गेल्या. शहापूर सांगलीकरांचं, रुळापलीकडचं बेळगाव गोऱ्या साहेबाचं आणि घाट उतरला की पाखल्यांचं, म्हणजे पोर्तुगीजांचं, राज्य. एका रात्रीत तीन राजे झाले, आणि तिघांपैकी एकालाही दोघींची खबर नव्हती. झुंजुमुंजू होताना गाडी घाटात होती. दुधसागर खिडकीतनं दिसला तशी मालुबाईनं हात जोडले.

"झालं की गं पाणी बघून! हितनंच फिरूया."

"ह्यो पडतंय. मला पसरल्यालं बघायचंय."

कुळ्याला, गोव्याच्या नाक्यावर, पाखल्यांचे शिपाई गाडीत चढले. लोकांची गाठोडी उसकटली. दुभाष्यानं विचारलं, "कुठल्या देवाला?" मनुबाईनं सांगितलं, समुद्र बघायला. दुभाष्यानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. त्यानं ते शिपायाला आपल्या भाषेत सांगितलं आणि तो मिशाळ शिपाई असा हसला, की पुढची झडतीच विसरला. दोघींच्या भाकरी वाचल्या. फार वेळ नाही, पण वाचल्या.

मुरगावच्या धक्क्यावर खरी आगबोट उभी होती. मनुबाईनं ती खालपासून वरपर्यंत न्याहाळली.

"चित्रातली निर्मळ हाय," ती म्हणाली. "हिला कुणी धूत न्हाय वाटतं."

तिथनं लाँचनं खाडी ओलांडून पणजी. लाँच हलली तशी मालुबाईनं शहापुरातल्या आणि वडगावातल्या सगळ्या देवांची नावं घेतली. मध्ये नावं संपली, तेव्हा दोनदा आपल्या सासूचंही घेतलं. आणि मग पणजीच्या पश्चिमेला, माडांच्या रांगा संपल्या, आणि ती वाळू.

मनुबाई उभीच राहिली. मालुबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं. आता रडेल, आता भरमाचं नाव काढेल, ते ध्यानात ठेवायला हवं. मनुबाईनं वाळूच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि म्हणाली, "आगं, पाजणीला काय जागा हाय गं!"

पाजणी म्हणजे ताण्याला खळ पाजायची. लांबच्या लांब सूत गल्लीभर ताणून, चाळीस हात लावून, ब्रशानं खळ चढवायची. शहापुरात तेवढ्यासाठी पहाटेच्या अंधारात रस्ता अडवावा लागे. बैलगाडी आली की शिव्या. इथं देवानं गाडीरस्ता नसलेली एवढी सपाट जागा केली होती, आणि एक विणकर म्हणून नाही!

मग ती पाण्यात शिरली. आयुष्यभर खड्ड्यात लोंबकळलेले ते पाय गुडघ्यापर्यंत समुद्रात उभे राहिले. लाट आली की ती उजवा पाय दाबे, गेली की डावा. समुद्र तिला मागासारखाच वाटत होता. फरक एवढाच, की हा दुसरं कुणीतरी चालवत होतं आणि तिला नुसतं उभं राहायचं होतं. असं नुसतं उभं राहायला ती कधी शिकलीच नव्हती. पण जमलं तिला.

"आक्का! गाठोडं!"

मालुबाई किंचाळली तेव्हा उशीर झाला होता. कोरड्या वाळूत नीट वर ठेवलेलं गाठोडं आणि दोघींच्या वहाणा, सगळं एका लाटेनं उचललं. पाणी भलतंच वर आलं होतं. माडाखाली जाळं शिवत बसलेला एक कोळी मान हलवत उठला. बाबलो त्याचं नाव.

"अमाशेक दर्या पळोवंक येता?" तो म्हणाला. "कोणें सांगलें गे तुका?"

दोघींना एवढं कळलं, की तो अमावास्येचं विचारतोय. मग त्यानं मोडक्या मराठीत समजावलं. अमावास्येला समुद्राला उधाण. चढेल तर घरात येईल, उतरेल तर पार लांब जाईल. समुद्र बघायला शहाणा माणूस अष्टमीला येतो, तेव्हा भरती-ओहोटी बेताची असते.

"आमची सुट्टीच अमाशेला," मनुबाई म्हणाली.

"दर्याची न्हय," बाबलो म्हणाला.

विणकराला सुट्टीचा एकच दिवस, आणि नेमक्या त्याच दिवशी समुद्र अंगात आल्यासारखा. हे शहापुरातल्या पंचांना कुठून माहीत असणार?

भाकरी गेल्या, भूक राहिली. अनवाणी पायांनी दोघी शहरात शिरल्या. पांढरं देऊळ बघितलं किरिस्तावांचं, जिन्यावर जिने चढलेलं. मालुबाई खाली थांबली, मनुबाई वरपर्यंत जाऊन घंटा बघून आली. बाजारात माशांच्या वासानं मालुबाईनं पदर नाकाला लावला तो सोडलाच नाही, त्यामुळं तिनं पणजी फक्त डोळ्यांनी बघितली. केळी घेतली. आणि मग एका टोपलीत गरम पाव दिसले.

"आक्का, न्हाय हां! ताडी घालून मळत्यात. खाल्ला की धर्म गेला."

मनुबाईनं पाव घेतला, मोडला, खाल्ला. गल्ली सगळी डोळ्यांपुढं ठेवून खाल्ला असणार, कारण खाताना ती हसत होती.

"तुझी आण घेतो, कुणाला सांगणार न्हाय," मालुबाई घाबरून म्हणाली. पुढं ही आण तिनं पाळली. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत.

तो रविवार होता. बागेत पाखल्यांचा पितळी बॅंड वाजत होता. लाल पट्टेवाले शिपाई गाल फुगवून फुंकताहेत आणि एक जण ढोलावर. "चल आक्का, लाँच जाईल," मालुबाई ओढत होती. "एवढं एक वाजू दे," मनुबाई म्हणत होती. असं करत चार वाजले. लाँच गेली.

धक्क्यावर उभ्या मनुबाईच्या तोंडावरचं हसू तेव्हा पहिल्यांदा गेलं. संध्याकाळची गाडी मुरगावहून सुटणार. ती चुकली तर पाडव्याचं ऊन कौलांवर येईल, खड्ड्यात यमनाप्पाचे पाय असतील, आणि उरलेला जन्म ती दिराच्या सोप्यात कांड्या भरत बसेल. कुणी भांडणार नाही, कुणी हाकलणार नाही. नुसतं 'वैनी, सूत भरा' म्हणतील.

"दोनापावलाला जावा," कुणीतरी म्हणालं. "तिकडून होड्या जातात."

दोघी चालल्या. चालल्या कसल्या, मनुबाई चालली आणि मालुबाई तिच्यामागं विव्हळत गेली. पोचल्या तर होडी होती, होडीपाशी बाबलोच होता. पण समुद्र नव्हता! दुपारी गाठोडं नेणारा तो समुद्र आता दूर कुठं तरी लुकलुकत होता. मधे नुसता काळा चिखल, आणि चिखलात होडी कुशीवर झोपलेली.

"सुकती," ओसरलेल्या पाण्याकडं हात पसरत बाबलो म्हणाला. "पाणी भरलें म्हणजे वचूं. रातीं."

"रात्री न्हाय. आता."

"होडयेक पाय ना गे बाये!"

"मला हाईत," मनुबाई म्हणाली, आणि काचा मारून चिखलात उतरली. गुडघ्यापर्यंत गेली. होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, दोर होता तो धरला आणि ओढला. होडी हलली नाही. पण चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणाऱ्या कोळणी होत्या, त्या हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. अशी सुकती म्हणजे त्यांचीही सुगी. दहाबारा जणी टोपल्या घेऊन वाकलेल्या.

"तुमच्या घाटार बैल नात गे?" एकीनं विचारलं.

"हाईत की! तेच बोलावाय आलोय," मनुबाई म्हणाली. "या, धरा."

"धरून किदें दितली?"

"काय द्यायचं? भाकरी होती ती तुमच्या दर्यानं खाल्ली. एक माग हाय घरात. उद्या सकाळी पोचलो न्हाय, तर त्यो बी जातोय." आणि तिनं चिखलात उभं राहून, खुणा करून, दिराचं तोंड वेडावून, सगळं सांगितलं. भाषा निम्मी कळली असेल. पण आयता बसलेला दीर ही गोष्ट कुठल्या किनाऱ्याला कळत नाही? सगळ्यांत म्हातारी कोळीण कमरेवर हात देऊन उठली. अमावास्येला दर्या बघायला आलेली खुळी तिनं उभ्या जन्मात बघितली नव्हती, आणि अशा खुळीला देवानंच आपल्याकडं धाडलंय, असं काहीसं ती म्हणाली. टोपल्या खाली ठेवल्या गेल्या.

पहिल्यांदा सगळ्यांनी मिळेल तशी हिसडी दिली. होडी नुसती डुलली.

"असं न्हाय!" मनुबाई ओरडली. आता ती शहापुरात होती, पहाटेच्या पाजणीत, चाळीस हातांच्या पुढं. तिथं एकानं आधी ओढलं की तार तुटते; सगळ्यांनी एका दमात ताणायचं. "हिसडा नगं! ताण धरा… धरला? सोडू नगं गं तू, लाल लुगड्यावाली! मालू, रडू नगं, ओढ! हां… घे!"

दोर सुतासारखा सरळ झाला. होडी चिखलात कण्हली आणि सरकली. "पुन्यांदा… हां… घे!" बाबलो मागून खांदा लावत होता आणि बायकांपुढं आपण फार लागलो नाही, हे कुणी बघू नये म्हणून मोठ्यानं ओरडत होता. चिखल संपला, पाणी लागलं, होडी तरंगली. मालुबाई तोंडावर पडली ती तशीच आत उचलून घातली. म्हातारी कोळीण कंबरभर पाण्यातून ओरडली, "फुडल्या वेळार अष्टमेक यो गे!"

गाडी मिळाली. शिट्टी झाल्यावर मिळाली, पण मिळाली. रात्रभर डब्यातली माणसं दोघींपासून लांब बसली. चिखलाचा वास तसाच होता.

पाडव्याला उजाडताना भावकू आंघोळ करून, गंध लावून सोप्यात उभा होता. यमनाप्पानं खड्ड्यात पाय सोडलेले. दारात दोन माणसं, पंचांपैकी. भावकूनं चहाला बोलावलेली, सहजच. समोरच्या कौलांच्या टोकाला ऊन टेकायला आलं होतं.

मनुबाई दारातनं आत आली. गुडघ्यापर्यंत काळा वाळलेला चिखल, केस मिठानं राठ.

"ऊठ रं यमनाप्पा."

यमनाप्पा उठला. तो बिचारा तसाही मागाला कंटाळलेला होता.

"वैनी!" भावकू आडवा झाला. "ह्या पायांनी खड्ड्यात? किरिस्तावांचा चिखुल! आंघोळ करून या आधी, मग बसा."

आंघोळ म्हणजे पाणी तापवणं, म्हणजे ऊन अंगणात. दोन्ही पंच चहाच्या वाटीत बघू लागले.

"भावजी," मनुबाई म्हणाली, "गंगा, कृष्णा, सगळी तीर्थं शेवटी कुठं जात्यात?"

बोलत बोलत ती खड्ड्याकडं सरकली.

"समुद्रात. त्यात पाय बुडवून आलोय मी. ह्याच्याहून सोवळं पाणी तुमच्या हंड्यात हाय काय?"

एका पंचानं घोट घेतला आणि म्हणाला, "बोलणं बरोबर हाय की रं भावकू." तोवर ती खड्ड्यात उतरली होती. पावडी दाबली, धोटा फेकला. तो या काठाहून त्या काठाला खाडकन गेला आणि गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकला. चहा पिणाऱ्यांनी वाट्या खाली ठेवल्या. झालं होतं.

पंच गेले. मग भावकू हळूच म्हणाला, "खरंच पल्याड दिसत न्हाय?"

"न्हाय."

"काईच?"

"बघायचं असंल तर चला. फागणात जाणार हाय पुन्यांदा. अष्टमीला."

"अष्टमीला? माग बंद ठेवून? कुणाला इचारून?"

मनुबाईनं मागाची फणी ओढून घेतली. "माग कुणाचा हाय, भावजी?"

फाल्गुनातल्या अष्टमीला शहापुरात भर कामाच्या दिवशी दोन माग मुके होते. दुसरा कुणाचा ते सगळ्यांना माहीत होतं. पण भावकू मरेपर्यंत सांगत राहिला, की बाईमाणूस एकटं कसं धाडायचं, म्हणून तो नाइलाजानं गेला होता.